दार्जिलिंगच्या ‘बी’ क्लास इंजिनाचे किट: पितळी पत्र्यापासून गेरूच्या छटेपर्यंत

गेल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला उघडलेले खोके यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रिकामे झाले आणि त्यातून उभे राहिलेले इंजिन आता नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरामागील बागेत, डाळिंबाच्या झाडाभोवती टाकलेल्या रुळांवर फिरते आहे. दार्जिलिंग हिमालयन रेल्वेच्या ‘बी’ क्लास या वाफेच्या इंजिनाचे हे १:१९ प्रमाणातील किट आहे. अकरा महिने ते हाताळल्यानंतर त्याच्याविषयी जे खात्रीने सांगता येते, तेवढेच येथे लिहितो. किट घेण्यासारखे आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र त्यासोबत येणारी वेदरिंगची, म्हणजे इंजिन वापरातले, जुने दाखवण्याची पूड आणि पुस्तिका बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती दोन्ही इंग्लंडच्या ओल्या, काजळलेल्या हवेत उभ्या राहणाऱ्या इंजिनासाठी बेतलेली आहेत आणि हे इंजिन आपल्याकडचे आहे.

उत्पादकाचे नाव मी देत नाही. पुढे सांगितलेल्या उणिवांबद्दल माझा त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू आहे आणि तो पुरा होण्याआधी नाव छापणे मला बरे वाटत नाही. कारखाना ब्रिटनमधला आहे, लहान आहे आणि पत्रांना वेळेवर उत्तर देतो, एवढे सांगणे पुरेसे आहे.

हौशी मंडळींत या प्रमाणाला ‘सोळा मिलिमीटर’ म्हणतात, कारण प्रत्यक्षातला एक फूट येथे १६ मिलिमीटरचा होतो. दार्जिलिंगचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, दोन फुटांचा असल्यामुळे रूळ ३२ मिलिमीटर अंतरावर येतात. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेचा गेजही दोन फुटांचाच आहे, त्यामुळे एकदा रूळ टाकले की दोन्ही डोंगरी गाड्या त्यांवर चालवता येतात. ‘बी’ क्लासची पहिली इंजिने शार्प, स्टुअर्ट या कंपनीने १८८९ साली बांधली. त्याच वर्षी आपल्या नाशकात जुन्या नगरपालिकेपासून नाशिक रोड स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. तिचा गेज अडीच फुटांचा होता, म्हणजे या प्रमाणात ४० मिलिमीटर, आणि म्हणून ती माझ्या रुळांवर कधी यायची नाही, याची मला खरीखुरी हळहळ वाटते. ‘बी’ क्लासचा महाराष्ट्राशी संबंध मात्र आहे, कारण या जातीचे एक इंजिन पुढे दार्जिलिंगहून नेरळला आणले गेले.

खोक्यात कोरीव पितळी पत्र्याच्या सात चौकटी, पांढऱ्या धातूचे ओतीव भाग, बॉयलरवर खोगिरासारखी बसणारी रेझिनची पाण्याची टाकी, चार चाके, गिअरसह मोटर आणि स्क्रूंच्या लहान लहान पुड्या निघतात. पत्र्यावरचे कोरीवकाम उत्तम दर्जाचे आहे. घडी घालायच्या रेषा अर्ध्या जाडीपर्यंत खोदलेल्या आहेत आणि रेष घडीच्या आतल्या बाजूला ठेवली की पत्रा अचूक काटकोनात वळतो. रिव्हेटच्या जागी मागच्या बाजूला बारीक खळगे आहेत. त्यांवर बोथट टोच्या ठेवून हलक्या हातोडीने एकेक ठोका द्यायचा, की पुढच्या बाजूला रिव्हेटचे डोके उठते. कॅबच्या, म्हणजे चालकाच्या खोलीच्या, एका बाजूला मी एकशे बारा ठोके मोजले. त्यांपैकी चार ठिकाणी हात जड पडला आणि त्या चार पुळ्या आजही माझ्या नजरेतून सुटत नाहीत, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी चौकटीच्या टाकाऊ कडेवर पंचवीस-तीस ठोक्यांचा सराव करावा.

खरी अडचण चाकांपाशी आली. कपलिंग रॉडने चाके जोडलेल्या इंजिनात एका आसावरच्या डाव्या आणि उजव्या क्रँकपिनांत (चाकावरच्या, रॉड अडकवायच्या खुंट्यांत) ९० अंशांचा फरक असावा लागतो आणि तो दोन्ही आसांवर तंतोतंत सारखा असावा लागतो. नाहीतर प्रत्येक फेऱ्यात रॉड अडतात आणि इंजिन लंगडते. मूळ इंजिनाचे चाक २६ इंच व्यासाचे आहे, म्हणजे येथे साधारण ३५ मिलिमीटर, आणि एवढ्याशा चाकावर दोन अंशांची चूक डोळ्यांना दिसत नाही, मोटरला मात्र लगेच कळते. या किटमध्ये चाके गुळगुळीत आसावर फक्त एका बारीक ॲलन स्क्रूने आवळायची आहेत आणि कोन साधण्यासाठी कोणताही साचा दिलेला नाही. या किमतीच्या किटमध्ये ही उणीव मला गंभीर वाटते. मी तीन रविवार अंदाजाने प्रयत्न केला आणि शेवटी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात काटकोनात दोन खाचा पाडून दिल्या आणि काम वीस मिनिटांत झाले. आसावर स्क्रू जेथे टेकतो तेथे कानशीने लहानसा सपाट भागही करून घ्यावा. पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही, पण तो केला नाही तर चाक महिन्याभरात सरकते, हा माझा अनुभव आहे.

सोल्डरिंगच्या बाबतीत नाशिककरांनी स्वतःला भाग्यवान समजावे. ज्याला आपण डाक लावणे किंवा डाग देणे म्हणतो, ते काम या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बॉयलरचा पत्रा गोल वळवताना माझ्या हातून तो दोनदा कोनात दुमडला, तेव्हा तो घेऊन मी भांडी बाजाराजवळच्या एका तांबटाकडे गेलो. त्याने पत्रा दोन बोटांत धरून किंचित वाकवला, सोडला, आणि म्हणाला, “काका, पत्रा ताठ आहे. नरम केल्याशिवाय वळायचा नाही.” मग सांडशीत धरून त्याने तो ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत फिरवला, पाण्यात बुडवला, लोखंडी नळीवर ठेवला आणि तळव्याने नुसता दाबत नेला. कागद गुंडाळावा तसा पत्रा नळीभोवती बसला. पैसे विचारले, तर त्याने हे इंजिन चालते का, एवढेच विचारले. चालायला लागले की आणून दाखवीन, असे मी कबूल केले आणि ते मी पाळले आहे.

घरी डाक लावताना उष्णतेचा क्रम पाळावा लागतो. बाजारात मिळणारे ६०/४० सोल्डर १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळते आणि पितळी सांगाड्यासाठी ते चांगले आहे. पांढऱ्या धातूचे ओतीव भाग मात्र साध्या सोल्डरिंग आयर्नखाली क्षणात ओघळून जातात. त्यांच्यासाठी ७० अंशांना वितळणारे खास सोल्डर किटसोबत दिलेले आहे, ही उत्पादकाच्या जमेची बाजू. ते थेट पितळेला धरत नाही, म्हणून पितळेवर आधी साध्या सोल्डरची कल्हई करून घ्यायची. धुराड्याचा तळ मी अशाच रीतीने बसवला आणि सांधा नखालाही लागत नाही. काम झाल्यावर फ्लक्स (डाक नीट धरावा म्हणून लावलेले रसायन) त्याच दिवशी ब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन काढावा; एक रात्र तसाच राहिला की पितळ हिरवे पडते आणि त्यावर रंग टिकत नाही.

दुसरी उणीव रेझिनच्या टाकीची. माझ्या खोक्यातली टाकी एका बाजूने जवळजवळ तीन मिलिमीटर उमललेली होती. प्रवासात की उन्हातल्या गोदामात ती तापली, हे सांगता येणार नाही. उकळते नव्हे, पण हात चटकन मागे घ्यावा लागेल इतके गरम पाणी पातेल्यात घेऊन टाकी त्यात दोन मिनिटे बुडवली, लाकडी साच्यावर दाबून धरली आणि थंड पाण्याखाली नेली, तेव्हा ती सरळ झाली. पण जी वस्तू पाण्याने सरळ होते ती एप्रिलच्या उन्हात पुन्हा उमलू शकते, हे उघड आहे. म्हणून मी आतून पितळी पट्टीच्या दोन कमानी बसवल्या. आपल्याकडच्या ग्राहकाला टाकीही पितळेचीच द्यावी, असे मी उत्पादकाला कळवले आहे आणि त्यांनी बदली टाकी पाठवण्याचे मान्य केले आहे.

विजेच्या भागाबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही. दोन लिथियम सेल, एक नियंत्रक आणि रेडिओचा लहान रिसीव्हर हे सारे टाकीखाली मावते. वीज रुळांतून घ्यायची नसल्यामुळे रूळ धुळीने भरले तरी गाडी थांबत नाही, आणि नाशकाच्या बागेत ही मोठी सोय आहे.

रंगाला मी जूनमध्ये हात घातला, ती माझी चूक झाली. पितळेवर एच प्रायमर (धातूला घट्ट धरणारा अस्तराचा रंग), त्यावर वाहनांच्या रंगाच्या दुकानातून जुळवून आणलेला निळा ड्यूको, येथपर्यंत सारे नीट झाले. पण जुलैच्या झडीत वॉर्निशचा हात मारला आणि अर्ध्या तासात टाकीवर दुधाळ पांढरी साय आली. हवेतला दमटपणा वाळत्या थरात अडकला की असे होते. तो थर घासून काढावा लागला आणि सप्टेंबरच्या अखेरीस उघडीप मिळेपर्यंत इंजिन कपाटात राहिले. पुस्तिकेत कोरड्या हवेत फवारणी करावी एवढेच वाक्य आहे. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्याने त्याचा अर्थ ‘चार महिने फवारणी करू नये’ असा घ्यावा.

आता वेदरिंगविषयी. रंग पुरा झालेले इंजिन सुंदर दिसत होते आणि अगदी खोटे दिसत होते. वेदरिंग म्हणजे नुसते मळवणे नव्हे. ऊन, पाणी, कोळसा, तेल आणि माणसाचे हात यांनी त्या त्या ठिकाणी काय केले असते, ते रंगाने दाखवणे हे त्याचे काम आहे. पुस्तिकेतील छायाचित्रांत सारे इंजिन एकाच करड्या-तपकिरी थराखाली गेले आहे आणि कनेक्टिंग रॉडवर केशरी गंजाचे ओघळ दाखवले आहेत. हे दुसरे तर सरळ चुकीचे आहे. चालत्या इंजिनाच्या रॉडला रोज तेल दिले जाते. तेथे गंज नसतो, तेथे काळपट तेलाखाली चकाकणारे पोलाद असते.

माझे वडील मनमाडच्या शेडमध्ये फायरमन होते. पाळी संपवून घरी येताना त्यांच्या खिशात नेहमी कॉटन वेस्टचा बोळा असे आणि इंजिनाचे कोणते भाग त्या बोळ्याने पुसायचे, हे आम्हा मुलांना पाठ होते: दांड्या, दाबाचे गेज, नंबरची पाटी, कॅबच्या खिडकीखालची पट्टी. या डोंगरी इंजिनावर तर माणसांचा वावर आणखी जास्त. पुढच्या तुळईवर बसलेली माणसे चढावर चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर हाताने वाळू टाकत आणि कॅबच्या पुढे कोळशाच्या ढिगात बसलेला एक जण मोठे खडे फोडून आत देत असे. म्हणून वाळूची फिकट धूळ पुढच्या तुळईवर आणि पुढच्या चाकांवर हवी, कोळशाची काळी धूळ मधल्या भागात हवी आणि माणसे जेथे बसतात, धरतात, पाय देतात, तेथे रंग झिजून गुळगुळीत झालेला हवा. पुस्तिकेतील एकाही चित्रात हे नाही.

किटसोबतची पूड मी टाकीच्या मागच्या बाजूला लावून पाहिली. तिच्यातला ‘गंज’ करडा आणि हिरवट आहे, आपल्याकडच्या उन्हात तो शेवाळासारखा दिसतो. मग रविवार कारंजावरच्या एका दुकानातून गेरू आणि पिवडी आणली, मलमलीतून दोनदा गाळली आणि तीच वापरली. गेरू म्हणजे लोखंडाचे ऑक्साइडच, त्यामुळे त्याचा रंग गंजाचा भासत नाही, तो गंजाच्या कुळातलाच असतो. नुसता गेरू मात्र फार तांबडा पडतो. ताज्या गंजासाठी त्यात निम्मी पिवडी मिसळावी आणि जुन्या, बसलेल्या गंजासाठी चिमूटभर कोळशाची पूड. पूड कोरड्या मऊ ब्रशने लावली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून बसवली. तिच्यावर मॅट वॉर्निशचा जाड हात मारू नये. निम्मी छटा नाहीशी होते आणि उरलेली काळवंडते.

त्याआधी एक पायरी आहे आणि ती गाळता येत नाही. निळ्या रंगावर चकचकीत वॉर्निश, ते पक्के वाळल्यावर तपकिरी आणि काळ्या तैलरंगाचे टर्पेंटाइनमध्ये केलेले पातळ पाणी. ते पाणी रिव्हेटच्या मुळाशी आणि सांध्यांत आपोआप जाऊन थांबते. पंधरा मिनिटांनी सुती फडक्याने पुसायचे, तेही वरून खाली, पाऊस ज्या दिशेने ओघळतो त्याच दिशेने. आडवा हात फिरला तर सारे बिघडते. मघाचे एकशे बारा ठोके या टप्प्यावर प्रथमच डोळ्यांत भरले; त्याआधी निळ्या रंगाखाली ते जवळजवळ बुजून गेले होते.

पाण्याच्या टाकीच्या तोंडाभोवती आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली क्षारांचे पांढरे ओघळ लागतात. पांढऱ्या रंगाने ते तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा ते चुन्याच्या पिचकारीसारखे दिसले. शेवटी आमच्या बोअरचे पाणी ड्रॉपरने टाकीच्या तोंडाशी एक थेंब सोडले आणि वाळू दिले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आणखी एक. चौथ्या थेंबानंतर तेथे बाहेरून दाट आणि आत विरळ होत गेलेले, खऱ्या क्षाराचे कडे उमटले होते. बारीक ब्रशने त्याची एक कड खाली ओढली आणि हात थांबवला. या इंजिनावरची मला सर्वांत आवडणारी जागा हीच आहे.

धुराड्याखालची धूरपेटी केशरी करण्याचा मोह टाळावा. तेथे उष्णतेने रंग जळतो, त्यामुळे काळा, त्यात राखेचा करडा आणि दाराच्या खालच्या कडेला, जेथे राख ओढून काढतात, तेथे थोडा तपकिरी एवढेच पुरते. चुलीतली चाळलेली राख मी तेथे वापरली. कोळशासाठी किटमध्ये काळ्या रेझिनचा एक ठोकळा आहे, तो बसवू नये. दगडी कोळशाचा एक खडा कापडात गुंडाळून हातोडीने फोडला, तर साऱ्या जागेला पुरतो. या प्रमाणात पाच मिलिमीटरचा तुकडा म्हणजे प्रत्यक्षातला साडेनऊ सेंटिमीटरचा खडा होतो, तेव्हा बहुतेक तुकडे त्याहून लहान असावेत. इस्त्रीचा लोणारी कोळसा चालत नाही, त्याला चकाकी नसते.

किंमत हा शेवटचा मुद्दा. खेळणी या सदरात येणारे आयात शुल्क आणि कुरिअर धरून मला मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम वर द्यावी लागली, हे मागवण्यापूर्वी हिशेबात धरावे. पहिल्यांदाच किट करणाऱ्याला मी हे सुचवणार नाही. त्याने आधी एखादी मालडब्याची पितळी चौकट घेऊन हात बसवावा. ज्याला डाक लावता येते आणि जो वर्षभर धीर धरू शकतो, त्याला या पत्र्याच्या कोरीवकामाने नक्की समाधान मिळेल. चाकांचा साचा आणि आतल्या कमानी मात्र आपल्याच खर्चाने करून घ्याव्या लागतील.

मागवताना खोके दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येईल असे पाहावे. थंडीत पितळकाम उरकते, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत रंग आणि वॉर्निश बसते, आणि वेदरिंगला पावसाळ्याचे चार महिने घरात बसून मोकळे मिळतात, कारण गेरूला आणि बोअरच्या थेंबाला दमट हवेचे काही वाटत नाही. माझे दुसरे किट, माथेरानच्या इंजिनाचे, मी याच हिशेबाने मागवले आहे.